लपवलेल्या दोन सुया

बाळीवेशीतल्या नागव्वाला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिची सून गुरम्मा तर तिच्याही वरची. दोघींचं रोज वाजायचं. सकाळी चूल पेटली की सुरू, ते दुपारच्या जेवणापर्यंत. विषय कुठलाही चालायचा. पीठ जाडं दळलंय, चटणीत लसूण कमी पडलाय, मांजराला दूध कुणी दिलं. गुरम्मा ज्वारीच्या कडक भाकरी करून नवी पेठेतल्या दुकानांना द्यायची. त्या भाकरींना नागव्वा येता-जाता नावं ठेवायची आणि जेवायला बसली की त्यातल्याच दोन जास्त खायची. या दोघींच्या मध्ये सिद्रामप्पा राहत होता. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा. आई बोलली की ‘व्हय अव्वा’ आणि बायको बोलली की ‘बरं बरं’, एवढंच त्याचं घरातलं बोलणं. बाकीचं तो कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून घेत असावा.

चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी गुरम्माला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणाली आणि चुलीपुढून उठून आडवी झाली. नागव्वानं आधी नेहमीप्रमाणे बोलून घेतलं, “कालच्या उन्हात डोईवर पदर घे म्हनलं तर ऐकतीस कुटं?” मग आपला धाकटा भाऊ सिद्धलिंगप्पा याला निरोप धाडला.

सिद्धलिंगप्पा पेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे बावीस वर्षं कंपाउंडर होता. पुड्या बांधणं आणि बाटलीवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवणं हे त्याचं काम. पण गल्लीत सगळे त्याला डॉक्टरमामा म्हणत. दुपारी दवाखाना बंद झाला की मामा खिशात सुईची डबी घालून निघायचे आणि ज्याला ताप असेल त्याला सुई टोचून यायचे. परवाना म्हणाल तर गल्लीनं दिलेला, तेवढाच. त्यानं सोमवारी चारच्या सुमाराला गुरम्माला सुई दिली आणि मंगळवारी पुन्हा एक दिली. दोन्ही वेळा सिद्रामप्पा दुकानात होता.

बुधवारी सकाळी मात्र नागव्वा चूल न पेटवताच सुनेच्या अंथरुणाशी आली. गुरम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजेड सहन होईना म्हणून डोळ्यांवर हात. रात्रीपासून तीन उलट्या झाल्या होत्या. नागव्वा मुद्दाम म्हणाली, “कालच्या भाकरी कच्च्या ऱ्हायल्या हुत्या बघ.” उत्तर नाही. “तुझ्या आईनं तुला भाकरी शिकिवलीच न्हाय.” याच्यावर एरवी अर्धी गल्ली गोळा झाली असती. गुरम्मा नुसती कण्हली. नागव्वानं तिला पाणी पाजायला मानेखाली हात घातला, तर मान वळेना. डोकं उचललं की अख्खी पाठ उचलली जायची.

“सिद्रामा!” नागव्वा ओरडली. “टांगा आन! पळ!”

टांगा दारात आला, गुरम्माला मागच्या बाकावर निजवलं, तेवढ्यात सिद्धलिंगप्पा धापा टाकत आला. सिद्रामप्पा पुढं टांगेवाल्याजवळ बसला होता. मामानं बहिणीला हळूच बाजूला ओढलं.

“अक्का, तितं माझं नाव काढू नको. आमच्या डाक्टरास्नी कळलं तर बावीस वर्सांची नोकरी जाती बघ.”

आई गेल्यावर नागव्वानंच त्याला अंगाखांद्यावर खेळवून वाढवलं होतं. ती म्हणाली, “न्हाय काढत, जा.” त्या घाईत तिला ते वचन अगदीच किरकोळ वाटलं.

नवी पेठेच्या मागच्या अंगाला एका ट्रस्टचं छोटंसं इस्पितळ होतं. तिथले डॉक्टर मल्लिकार्जुन तिशीचे, बारीक, चष्मेवाले आणि बोलायला गोड. देवाचं नाव लावणारा डॉक्टर मिळाला म्हणून नागव्वाला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी गुरम्माच्या डोक्याखाली हात घातला आणि हनुवटी छातीला टेकवायला बघितली. टेकेना. मग बॅटरीनं डोळे बघितले, दोनचार प्रश्न विचारले, आणि त्यांचा गोडवा जरा बाजूला गेला.

“मेंदूच्या आवरणाला सूज आलीय,” ते म्हणाले. “मेंदूज्वर. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघावं लागेल. आत्ता, लगेच.”

“पाठीतलं पानी?” नागव्वा आडवीच आली. “आमच्या गल्लीतल्या एकीचं काढलं आन् ती लुळी झाली. न्हाय काढायचं.”

तेव्हा एक नवल घडलं. सिद्रामप्पा म्हणाला, “काढा डाक्टर. अव्वा, तू भाईर बस.” नागव्वा इतकी चकित झाली की बाहेर जाऊन बसली.

थोड्या वेळानं डॉक्टर बारीक काचेची नळी घेऊन बाहेर आले आणि खिडकीच्या उजेडात धरून दोघांना दाखवली. “हे पाणी स्वच्छ हवं. हे बघा, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ आहे. जंतू शिरलेत.” मग त्यांनी नळी सिस्टर विजयमालांच्या हाती दिली, पेन काढलं आणि विचारलं, “आता नीट आठवून सांगा. इथं येण्याआधी कुठल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय का?”

सिद्रामप्पा म्हणाला, “न्हाय.” त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“आजी, तुम्ही घरात असता. तुम्ही सांगा.”

नागव्वानं एक क्षण विचार केला. भावाला दिलेला शब्द होता आणि खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. मग तिला वाट सापडली. “कुटल्याबी डाक्टरानं हात लावलेला न्हाय,” ती ठासून म्हणाली, “देवाची, सिद्धरामाची आन.” यात चुकीचं काहीच नव्हतं. सिद्धलिंगप्पा डॉक्टर कुठं होता? आपल्या हुशारीचं तिला मनातल्या मनात कौतुकही वाटलं. डॉक्टरांनी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

“आता काय जंतू हाय ते बघून मंग औषद देनार का?” सिद्रामप्पानं विचारलं.

“नाही, नाही. कुठला जंतू ते कळायला दोन दिवस लागतात. दोन दिवस वाट बघत बसलो तर औषध द्यायला पेशंट राहायचा नाही. ज्यांचा ज्यांचा संशय आहे त्या सगळ्यांना लागू पडेल असं औषध आत्ताच सुरू करायचं. दर दोन तासांनी पेनिसिलीन आणि जोडीला क्लोरॅम्फेनिकॉल. दोन्ही शिरेतून. शुक्रवारी रिपोर्ट आला की त्यातलं नको असेल ते काढून टाकू.”

नागव्वाला ही पद्धत लगेच कळली. घरात भांडं पडून फुटलं की ती स्वतः हेच करायची. आधी सगळ्यांना झाडून घ्यायचं, कुणी फोडलं ते मागाहून बघायचं. एवढा शिकलेला माणूसही तसंच करतो म्हटल्यावर तिचा डॉक्टरांवर भरवसा बसला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बायकांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या आणि नागव्वानं पहिल्याच दिवशी सातही जणींची चौकशी करून टाकली होती. सिस्टर विजयमाला घड्याळ बघून दर दोन तासांनी यायच्या. एकदा त्यांना पाच मिनिटं उशीर झाला तर नागव्वानं त्यांना दारातच गाठलं. “आजी, तुम्हाला घड्याळ कळतं?” सिस्टरनी विचारलं. “न्हाय कळत. पर गिरनीचा भोंगा कळतो, आन् तुमी भोंग्याच्या मागनं आलाव,” नागव्वा म्हणाली. सिस्टर हसल्या. मग दोघींचं जमलं.

त्याच सिस्टरनी बोलता बोलता सांगितलं, की या दुखण्यातून माणूस उठला तरी कधी कधी कान जातात. कायमचे. नागव्वानं ते ऐकलं आणि गुरम्माच्या खाटेशी येऊन बसली. गुरम्माचा ताप थोडा कमी होता पण डोळे मिटलेले होते. बहिऱ्या सुनेशी कसं बोलायचं, या विचारानं नागव्वानं पुढ्यातली भाकरी तशीच झाकून ठेवली. बारा वर्षं तिनं या बाईला ऐकवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवून बरं वाटावं असं नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला डॉक्टर कागद घेऊन आले. चेहरा गोंधळलेला. त्यांनी सिद्रामप्पाला बाकावर बसवलं, नागव्वा न बोलावताच येऊन बसली.

“रिपोर्ट आला,” डॉक्टर म्हणाले. “जंतू उगवलाच नाही. काहीच नाही. पाण्यात पेशी वाढलेल्या आहेत, साखर कमी आहे, पण जंतूचा पत्ता नाही. ताप उतरतोय, पण पुरता उतरत नाही. असं क्षयाच्या मेंदूज्वरातही दिसतं. तो असेल तर औषधं निराळी आणि ती दीड वर्ष घ्यावी लागतील. आणि आत्ता चालू आहेत त्यातलं एक औषध रक्ताला वाईट, कारण नसताना देणं बरं नाही. मला वाटतं, आज संध्याकाळपासून ही दोन्ही थांबवून क्षयाची सुरू करावीत.”

“आन् क्षय नसला तर?” सिद्रामप्पानं विचारलं.

“तर मग हे बंद करणं महागात पडेल,” डॉक्टर खरं बोलले. “आधी कुणी पेनिसिलीन टोचलं असतं तर मी म्हणालो असतो, त्यानं जंतू अर्धमेले झाले म्हणून उगवले नाहीत, औषध तेच चालू ठेवा. पण तुम्ही तर काही दिलेलं नाही म्हणता.”

परवाची ती हुशारी आता नागव्वाला गिळवेना. तिथंच सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, पण सुई कसली होती हे तिला कुठं माहीत? पांढरं पाणी होतं, एवढंच तिनं बघितलं होतं. डॉक्टर विचारणार, काय दिलं, किती दिलं. “डाक्टर,” ती उठून म्हणाली, “मी येईपत्तुर ते औषद थांबवायचं न्हाय. सिस्टर, तुमीबी ऐका. एकबी सुई चुकवायची न्हाय!” आणि पदर खोचून चालायला लागली. कुठं चाललीस हे विचारायची सिद्रामप्पाची छाती झाली नाही.

नवी पेठ दुपारच्या गर्दीनं भरली होती. पासष्ट वर्षांची बाई सायकली आणि हातगाड्यांना हातानं बाजूला सारत सरळ मधून गेली. भावाच्या दवाखान्यात आठदहा माणसं बाकावर बसलेली. सिद्धलिंगप्पा काउंटरच्या मागे पुड्या बांधत होता. बहिणीचा चेहरा बघून त्याच्या हातातली पुडी सांडली.

“चल,” नागव्वा म्हणाली.

“अक्का, हळू बोल. मोठे डाक्टर आत हायत.”

“काय टोचलंस ते त्या डाक्टर पोरासमोर सांगायचं. चल.”

“माझी नोकरी जाईल की गं!”

“गेली तर माझ्या घरी ये, मी घालती जेवायला. माझी सून गेली तर मला कोन घालनार? तू घालशील व्हय?”

सिद्धलिंगप्पाची स्वतःची भाकरीसुद्धा गुरम्माच्याच हातची यायची. आतून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय गडबड आहे. नागव्वानं दारातूनच सांगून टाकलं, “माझ्या भावाला घिऊन चाललीय, एक तासानं आनून सोडती.” आणि मनगट धरून त्याला बाहेर काढलं. अर्ध्या रस्त्यात तो कुरकुरला की त्याची चप्पल तुटलीय. ती म्हणाली, “हातात घे.”

असे दोघं इस्पितळात पोचले. सिद्धलिंगप्पाच्या एका हातात चप्पल, दुसरा हात बहिणीच्या ताब्यात. डॉक्टर मल्लिकार्जुन औषधांचा कागद पुढं घेऊन लिहायच्या बेतात होते.

“ह्यानं दिली सुई,” नागव्वा म्हणाली. “दोन दिल्या. मी लपिवलं. डाक्टरानं हात लावला न्हाय म्हनलं, कारन ह्यो डाक्टरच न्हाय. आता काय बोलायचं ते मला बोला.”

“प्रोकेन पेनिसिलीन,” सिद्धलिंगप्पा चपलेकडे बघत म्हणाला. “चार लाख युनिट. सोमवारी एक, मंगळवारी एक. दोन्ही दंडाला.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी हातातल्या कागदावर एक मोठी आडवी रेघ मारली आणि सिस्टरना हाक मारली. “विजयमालाबाई, काहीही बंद करायचं नाही. आहे तेच चालू. दोन आठवडे.” मग बहीणभावाकडे वळले. “मामा, सुई देताना मान वाकवून बघितली होती?”

“न्हाय.”

“यापुढं बघायची. मान ताठ दिसली तर सुई द्यायची नाही, टांगा बोलवायचा. आणि सुई दिलीच असेल तर चिठ्ठीवर लिहून पाठवायचं. लपवायचं नाही. तुमच्या साहेबांशी मी बोलतो. आणि आजी, तुम्ही.” ते थांबले. नागव्वा मान खाली घालून उभी होती आणि हे दृश्य बघायला वॉर्डातल्या दोघी उठून बसल्या होत्या. “तुम्ही आज आलात ते बरं केलंत. उद्या आला असतात तर मला तुमच्यावर फार चिडावं लागलं असतं.”

“आता कळलं का, कुटला जंतू हाय ते?” सिद्रामप्पानं विचारलं.

“ते आता कधीच कळायचं नाही. म्हणून दोन्ही औषधं शेवटपर्यंत द्यायची.”

रविवारी गुरम्माचा ताप पुरता उतरला. सोमवारी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि पुन्हा झोपली. मंगळवारी तिला टेकून बसता यायला लागलं. सगळा वॉर्ड खुशीत होता. एकटी नागव्वा खुशीत नव्हती. गुरम्मा बोलायची ते दोनच शब्द, आणि मागून हाक मारली तर बघायची नाही. एकदा नागव्वानं मुद्दाम पितळी खाली टाकली. शेजारच्या खाटेवरची बाई दचकली, गुरम्मा छताकडे बघत राहिली. अशक्तपणा आहे, सिस्टर म्हणाल्या. नागव्वाला खरं वाटेना. लपवलेल्या सुयांचे ते दोन दिवस तिच्या छातीवरून उठायला तयार नव्हते.

बाराव्या दिवशी तिनं डॉक्टरांचा कोट धरला. “डाक्टर, कानाचं काय ते आजच सांगा. मला झोप न्हाय.”

डॉक्टरांनी गुरम्माला खिडकीकडे तोंड करून बसवलं. “घरचं माणूस मागे उभं राहून हळू आवाजात एक वाक्य बोलेल, तुमच्या घरच्या बोलीत. तोंड दिसता कामा नये. ह्यांनी ते मला सांगायचं. एक कान मी बोटानं बंद करतो.” पहिली पाळी सिद्रामप्पाची. तो बायकोच्या मागे उभा राहिला, लाजला आणि इतक्या हळू काहीतरी बोलला की ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नसावं. ती परीक्षा बाद झाली.

“आजी, तुम्ही बोला.”

नागव्वा पुढं झाली आणि म्हणाली, “गुरम्मा!” पुरुषांच्या वॉर्डातून कुणीतरी ओ दिली. “आजी, हळू!” डॉक्टर म्हणाले. नागव्वा अडचणीत आली. तिला येणारी सगळी वाक्यं मोठ्यानं बोलायची होती. पीठ, लसूण, मांजर, यातलं काहीच कुजबुजून बोलण्यासारखं नव्हतं. तिनं सुनेच्या पाठीकडे बघितलं. बारा दिवसांत वेणी विस्कटली होती, खांदे बारीक झाले होते. मग ती वाकली आणि तिच्या तोंडून आपोआप हळू आवाज निघाला.

“सुई मी लपिवली गं. तुझ्या जिवावर बेतलं हुतं. तुज्याबिगर माझं घर न्हाय. माझं चुकलं.”

गुरम्मा हलली नाही. डॉक्टरांनी बोट काढलं, पुढं येऊन विचारलं, “काय म्हणाल्या सासूबाई?”

गुरम्मानं त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. “काय ऐकू न्हाय आलं. जरा मोट्यानं म्हनाय सांगा.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी दुसरा कान बंद केला. नागव्वाच्या डोळ्यांतून धार लागली, तरी तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला चार खाटांपर्यंत गेलं. “माझं चुकलं गं बाई. तुज्याबिगर माझं घर न्हाय.”

“अजून जरा,” गुरम्मा म्हणाली.

आता नागव्वानं लाज सोडली. दोन्ही हात सुनेच्या खांद्यांवर ठेवून ती रडत रडत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, “माझं चुकलं!” तेव्हा हाताखालचे खांदे हलत आहेत हे तिला कळलं. आधी वाटलं, पोरगी रडतीय. सिस्टर विजयमाला समोरच्या बाजूला उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात धरला.

गुरम्मा हसत होती. तिला पोट धरवत नव्हतं इतकी हसत होती.

“डाक्टर, पैल्याच येळेला ऐकू आलं हो,” ती दम लागत म्हणाली. “दोनी कानांनी आलं. पर बारा वर्सं झाली लग्नाला. अत्ती चुकलं म्हनाल्या त्ये ह्यो पैलाच दिवस. एका येळेत मन कसं भरंल?”

आठही खाटा हसायला लागल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि कागदावर ‘दोन्ही कान उत्तम’ असं लिहिलं. सिद्रामप्पा आधी आईकडे आणि मग बायकोकडे घाबरून बघत होता, की आता काय होणार.

नागव्वानं पदरानं डोळे पुसले. नाक पुसलं. तोंडापर्यंत आलेलं काहीतरी गिळलं. मग कुणी सांगितलेलं नसताना ती सुनेच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, चौथ्यांदा तेच म्हणाली.